रुईचं लगन

मीराने कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळायला घेतल्या तेव्हा घरात तिच्याशी सरळ बोलणारं माणूस एकच उरलं होतं. ते म्हणजे आचल, तिची मुलगी. आणि तीही ओट्याशी उभी राहून गरम वड्या खात होती म्हणून बोलत होती. नवरा, कैलास, हो-नाहीवर आला होता. सासरे, हरिभाऊ, तेवढंही म्हणत नव्हते. आर्वीच्या त्या घरात दिवाळीपासून हे असंच चाललं होतं आणि त्याला कारण होतं मीराने लिहिलेलं पुस्तक.

पुस्तक दुसऱ्या कोणावर असतं तर गोष्ट वेगळी होती. ‘रेच्यावरची धुरपता’ ही कादंबरी हरिभाऊंच्या आईवर होती. हिंगणघाटच्या एका जिनात, जिथे रेच्यावर कापसातली सरकी वेगळी काढतात, तिथे फार वर्षांपूर्वी धुरपताने बायांना काम बंद करायला लावलं होतं. मागणी एकच होती. कामावर आलेल्या बायांची तान्ही लेकरं दिवसभर उन्हात पडतात, त्यांच्यासाठी मांडव घाला. मालकाने आधी शिव्या घातल्या आणि मग मांडव घातला. ही गोष्ट हरिभाऊंनीच सुनेला सांगितली होती. दोन उन्हाळे ते तिला शेजारी बसवून सांगत होते आणि ती लिहून घेत होती. हरिभाऊ निवृत्त मुख्याध्यापक. आईबद्दल बोलतानाही ते वर्गात उभं राहिल्यासारखे ताठ बसायचे. पुस्तक छापून आलं त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

मग त्यांनी ते वाचलं. वाचून खोलीबाहेर आले, सुनेसमोर उभे राहिले आणि एवढंच विचारलं, “रुईचं तुला कुणी सांगितलं?”

आईंनी, असं मीरा म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी वाती वळता वळता बोलून गेल्या होत्या की, तुह्या आजेसासऱ्याचं पयलं लगन रुईशी लागलं होतं. मीराने ते मनात ठेवलं आणि कादंबरीत त्यावर अख्खं एक प्रकरण रचलं. धुरपताचा नवरा रामाजी, त्याला कडक मंगळ, म्हणून आधी रुईच्या झाडाला हळद लावून त्याचं लग्न लावतात आणि मग धुरपताशी. मंगळ मीराच्या पदरचा होता. ज्यांनी ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांना तेच प्रकरण सर्वात आवडलं होतं. हरिभाऊ मात्र तिचं उत्तर ऐकून खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

त्यानंतर मीराने जेवणाच्या ताटासोबत माफीही आत पाठवून पाहिली. ताट रिकामं आलं, माफी तशीच परत आली. कैलासचं म्हणणं होतं की तिने रीतसर माफी मागावी. कशाची, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, ते मागून झाल्यावर विचार. तहसील कचेरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काही चुकीचं दिसलं नाही.

आता दुपारी त्यांच्याच घरी शनिवार वाचक मंडळाची बैठक होती आणि पुस्तक तिचंच होतं. तारीख दसऱ्यालाच ठरली होती, तेव्हा घरात पेढे होते. मंडळाचा एक नियम मोठा कडक. लेखक समोर बसलेला असला तरी सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. मीराने ठरवलं होतं की शेवटी आपली पाळी आली की उठायचं आणि सांगायचं, हे पुस्तक मी मागे घेते आहे. उरलेल्या प्रती प्रकाशकाकडून परत आणायच्या आणि माळ्यावर टाकायच्या. सासऱ्यांची वाचा परत येत असेल तर पुस्तक काय मोठं. असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. आचललाच तेवढं तिने सांगितलं होतं, आणि आचलने वडी खाली ठेवून दिली होती.

“मम्मी, तू चूक काय केली ते तरी कळू दे आधी,” आचल म्हणाली.

तेवढ्यात कैलास स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा उतरला होता. आंजीहून आत्या आली, म्हणाला, बसस्टँडवरून फोन होता. आणि मग आवाज खाली करून त्याने विचारलं, आत्याला पुस्तक कोणी दिलं? बाबांनी बजावून सांगितलं होतं की काही झालं तरी आत्याच्या हाती ते पडू द्यायचं नाही.

पहिली प्रत तर मी त्यांनाच दिली, मीरा म्हणाली. तुला सांगितलं होतं ना, असं कैलास म्हणू लागला आणि मध्येच थांबला. बाबांनी सांगितलं होतं ते त्याला. त्याने पुढे सांगायचं होतं आणि ते राहून गेलं होतं. आचल नुसती बापाकडे बघत राहिली. कैलासने झारा उचलला, काही कारण नसताना तेल ढवळलं आणि तो मुकाट्याने सतरंज्या घालायला गेला. दिवाळीपासून पहिल्यांदाच त्याने घरातलं काम न सांगता केलं.

*

आतल्या खोलीत हरिभाऊंनी बहिणीचा आवाज ऐकला आणि ते दाराला कान लावून उभे राहिले.

शालूताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होती, आता आंजीला लेकाकडे राहते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकटी एसटीने येते. फाटकापासूनच ती आचलला अभ्यासाचं विचारत होती. म्हणजे नेहमीसारखीच होती. म्हणजे अजून तिला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि ती सगळ्यांसमोर विचारायला आली होती.

हरिभाऊ कॉलेजात होते तेव्हा रामाजीने, त्यांच्या बापाने, त्यांना एकदा शेतात नेऊन सांगितलं होतं. तुझी माय आधी विधवा होती. शालू तिच्या पहिल्या घरची. आपला पाट लागला तेव्हा पोरगी कडेवर होती. मी तिला कधी परकी मानली नाही, तिला हे माहीत नाही, तू तिला कळू देऊ नको. रामाजीने एवढं सांगून मुलाच्या हाती नांगर दिला होता. हरिभाऊंनी तो शब्द पाळला. बायकोला मात्र एकदा सांगितलं होतं आणि तिनेही जन्मभर तो राखला. शेवटी शेवटी वाती वळताना फक्त रुई तेवढी तिच्या तोंडून निसटली.

खरं सांगायचं तर त्यात थोडी लाजही होती. हरिभाऊ मास्तर झाले, हेडमास्तर झाले, मुलाला नागपूरच्या शिकलेल्या घरातली मुलगी केली. त्या सोयरिकीत पाटाचा विषय कशाला काढायचा, असंही त्यांना वाटलं होतं. पण लाज थोडी आणि ताईची काळजी जास्त. आपला बाप आपला नव्हता हे त्या बाईला या वयात पुस्तकातून कळावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. रुईचा अर्थ जुन्या माणसाला सांगावा लागत नाही. मीराला तो माहीत नव्हता, हे त्यांना कळत होतं. तिची चूक नव्हती. पण तिला तसं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून ते दार लोटून बसले होते. सुनेचा उतरलेला चेहरा त्यांना दिसत नव्हता असं नाही.

बाहेर सतरंज्या भरल्या. हरिभाऊंनी टोपी घातली आणि ते बाहेर येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मीराने त्यांना पाहिलं आणि हातातला पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ नेऊन ठेवला.

*

सुरुवात इलाताईंनी केली. त्या मंडळाच्या कर्त्या, कन्याशाळेत शिक्षिका. त्यांनी बरंच कौतुक केलं, मांडवाचा प्रसंग वाचून दाखवला, आणि रुईच्या लग्नाला तर त्यांनी काव्यमय म्हटलं. दोघी-तिघींनी मान डोलावली. मीराने साडीचा पदर बोटाला गुंडाळून घट्ट धरला होता. बोलता येत नाही याचं तिला आज बरंच वाटत होतं.

मग बंडूजींची पाळी आली. बंडूजी निवृत्त तलाठी, पुस्तकातली तालुक्याची हद्दसुद्धा तपासून पाहणारा माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की बाकी सारं झकास आहे, पण त्या मंगळाचं त्यांना पटलं नाही.

“मंगळ-बिंगळ आपल्या कास्तकाराइत तवा कोनी पाहे नाई,” ते म्हणाले. “रुईशी लगन कवा लावत, ठाऊक हाये का? पोट्टा बिनलग्नाचा असला, अन् त्याले पाटाची बायको कराची असली, तं आंधी रुई. म्हंजे त्याचं पयलं लगन रुईशी, अन् हे दुसरं. दोघंबी बराबर झाले. म्हंजे हे जे धुरपता हाये, हे...”

बंडूजी तिथेच थांबले. धुरपताचा मुलगा समोर खुर्चीत बसला होता आणि मुलगी सतरंजीवर पहिल्या रांगेत. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोंडातून निघालेलं परत थोडंच घेता येतं.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, हे तिथे बसलेल्या नव्या सुनांनाही माहीत होतं. ज्या प्रकरणाचा मीराला सर्वात जास्त अभिमान होता, तेच तिने न समजता लिहिलं होतं. नागपूरच्या नोकरदार घरात वाढलेल्या मुलीला रुई म्हणजे शनिवारी मारुतीला वाहायची माळ, एवढंच ठाऊक. या घराने झाकून ठेवलेली गोष्ट तिने छापून, शिवून, मुखपृष्ठ घालून गावभर वाटली होती. सासरे का बोलत नव्हते ते तिला आता कळलं, आणि कळल्यावर तिला त्यांच्याकडे पाहवेना.

कैलास चटकन उठला आणि चहा घेऊन येतो म्हणाला. हरिभाऊही उठले. त्यांचा आवाज शाळेतला होता. चर्चा इथेच थांबवू या, असं ते म्हणाले, सगळ्यांचे आभार.

“हरी, बस खाली,” शालूबाई म्हणाल्या. “माही पाळी हाये.”

हरिभाऊ बसले. कैलासही दारातच थांबला.

शालूबाईंनी चष्मा लावला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही.

“म्या दोन डाव वाचलं,” त्या म्हणाल्या. “पयल्या डावाले नुसती रडली. दुसऱ्या डावाले पेन घेऊन बसली, जन्मभराची सवय हाये. तं आंधी सांगतो का आवडलं. माही माय जाऊन चाळीस वर्सं झाले. मले तिचा आवाज आठवत नोयता. या पुस्तकात माय मालकाशी भांडते ना, ते वाचतानी मले तिचा आवाज ऐकू आला. भाकर थापतानी ते एक पाय लांब करून बसे, तेबी मीरानं लिवलं. तिनं माह्या मायले पाह्यलंबी नाई, तरी लिवलं. हे सोपं नाई, मीरा.”

मीराने मान वर केली नाही.

“आता चुका. बंडूजी बराबर बोलले, मंगळ खोटा हाये. रामाजीले मंगळ नोयता. माही माय विधवा होती, अन् रामाजी बिनलग्नाचा होता. म्हनून रुई.” त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहून घेतलं, पुढे बोलायच्या आधी वर्ग शांत आहे ना ते पाहावं तसं. “अन् दुसरी चूक मोठी हाये. मांडवाच्या वक्ती तू मायले लग्न झालेली दाखवली. उलटं हाये, बाई. तिचा घरवाला पटकीनं गेला, सासरच्यानं हाकललं, म्हनून तं माय जिनात आली. विधवा बाई, कोनाचा आधार नाई, तरी मालकापुढं उभी राह्यली. अन् ज्या लेकराच्या अंगावर उन्हानं फोड आले होते, ज्याच्यासाठी तिनं रेचा सोडला, ते लेकरू मी होती. रामाजी तवा काट्यावर कापूस मोजे. मांडवाच्या बल्ल्या त्यानंच रोवल्या. पाट मंग लागला. हे असं लिवलं असतं, तं तुह्यी धुरपता आखीन मोठी झाली असती.”

हरिभाऊ खुर्चीच्या कडेला आले होते. घरातसुद्धा छापील मराठी बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून लहानपणची बोली निघाली.

“ताई, तुले ठाऊक होतं?”

“तुले ठाऊक होतं?” शालूबाईंनी चष्मा काढला.

“मले बाबानं सांगतलं. म्हने, शालूले कळू द्याचं नाई, तिले वाटन आपून परकी हावो.”

“मले मायनं सांगतलं, माह्या लग्नात. म्हने, हरीले कळू द्याचं नाई, त्याले वाटन ताई आपली नाई.”

आयुष्यभर दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट जपून ठेवली होती, भाऊबीजेला आणि राखीला, लग्नाकार्यात आणि मयतात, विषय त्या वाटेला गेला की दोघांनीही तो घाईघाईने वळवला होता. आधी शालूबाई हसल्या. मग हरिभाऊ हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. टोपी काढून त्यांनी तिनेच डोळे पुसले. सतरंजीवरही हळूहळू हसू पसरलं, आणि सगळ्यात मोकळं हसले ते बंडूजी, कारण आपण घर मोडलं असंच त्यांना गेला पाव तास वाटत होतं.

कैलासने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. तो आत गेला, वड्यांचं ताट घेऊन आला आणि पहिली वडी त्याने बायकोच्या पुढे धरली. माफी मागायची त्याची ही पद्धत होती. मीराने ती घेतली, पण लगेच खाल्ली नाही. थोडं त्यालाही वाट पाहू दे, असं तिला वाटलं. आचलने ते बरोबर ओळखलं.

नियमाप्रमाणे शेवटी लेखिकेची पाळी होती. मीरा उठली. ती म्हणाली की आज ती पुस्तक मागे घेते असं सांगणार होती, कारण बाबांचं काय दुखावलं तेच तिला कळत नव्हतं. आता कळलं, आणि जे छापलं गेलं त्याबद्दल ती दोघांची माफी मागते.

“मागं कायले घेतं?” हरिभाऊ म्हणाले. “दुरुस्त कर.” ते उठून तिच्याजवळ आले. सगळ्यांसमोर बोलायची सवय असलेल्या माणसाला हे मात्र सगळ्यांसमोर बोलणं जड गेलं. “तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी. मी घाबरलो होतो. तुझ्याशी बोललो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं.”

मीरा रडली. महिन्याभराचं साचलेलं होतं, ते तिने अडवलं नाही. इलाताईंनी चर्चा संपल्याचं जाहीर केलं, पण उठलं कोणीच नाही. वड्यांवर कढी वाढली गेली, कोणाच्या घरात कोणाचा पाट लागला होता ते आपोआप निघायला लागलं, आणि बंडूजींच्या स्वतःच्या आजीचंही निघालं. आजवर सगळ्यांनी सगळ्यांपासून लपवलेलं होतं. मीराला खूप दिवसांनी भूक लागली.

माणसं पांगल्यावर भाऊ-बहीण पुढच्या खोलीत बसले होते. कैलास सतरंज्या घडी करत होता. मीराने चहा आणला आणि तीही तिथेच टेकली. शालूबाईंनी बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत.

“हरी, एक विचारू का?”

“विचार ना.”

“त्याचं नाव का होतं?”

हरिभाऊंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, ताई जन्मदात्या बापाचं नाव विचारत होती.

“मायले विचारलं होतं म्या, हळदीतच,” शालूबाई म्हणाल्या. “तिनं पदर पुढं ओढला. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, तं माय दोघाइचंबी घे नाई. बाबाले विचाराचं तं त्याच्या जिवाले लागलं असतं. त्यानं मले का कमी केलं होतं? अन् तुले ठाऊकच नाई असं वाटे. मंग विचाराले कोनी उरलंच नाई.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तुले बाबानं सांगतलं असन तं सांग. नसन सांगतलं, तरी चालते.”

“सांगतलं होतं,” हरिभाऊ म्हणाले. “तानबा.”

शालूबाई त्यांच्याकडे सरकून बसल्या.

“बाबाचा दोस्त होता,” हरिभाऊ पुढे सांगू लागले. “दोघं एकाच बैलबंडीवर कापूस आनत जिनात. गायाचा म्हने, बंडी हाकतानी. पटकी आली तवा बाबानंच त्याले बंडीत टाकून दवाखान्यात नेलतं. रस्त्यातच गेला. जाताजाता म्हने, माह्या पोरीवर ध्यान ठेवजो.”

कैलास हातातली सतरंजी तशीच धरून उभा होता. मीराने आत्याबाईंचा हात हातात घेतला. तो हात वाळलेला, खडूने कायमचा खरबरीत झालेला होता. शालूबाई रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

“तानबा,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, “शालू तानबा.”

त्यांनी मीराकडे पाहिलं.

“लिवजो हे,” त्या म्हणाल्या. “पन रामाजीले खोडू नको. दोघंबी राहू दे.”